‘जर्मन खडूस, जपानी गूढ आणि आपले लोक ढिसाळ’: शिक्के मारल्यावर काम नेमके कुठे अडते

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. त्याचे दोन मोठे ग्राहक, एक जर्मन आणि एक जपानी. डिझाइन आणि क्वालिटीच्या लोकांचे दोघांशीही रोजचे बोलणे असते आणि दोन्हीकडे खटके उडतात. कंपनीने ‘जर्मनांशी कसे वागावे, जपान्यांशी कसे वागावे’ असे दिवसभराचे प्रशिक्षण ठेवले. त्यानंतर भांडणे कमी झाली नाहीत. उलट ‘बघा, सांगितलं होतं ना, हे लोक असलेच’ हे वाक्य जास्त ऐकू येऊ लागले. असे का झाले आणि आता काय करावे?

आधी प्रशिक्षणाबद्दल, कारण दुखणे तिथूनच वाढले आहे. ‘जर्मन स्पष्टवक्ते आणि वेळेचे पक्के, जपानी नम्र आणि नाही न म्हणणारे, भारतीय नाती जपणारे’ अशा स्लाइड दाखवल्या की लोकांना नवे काही कळत नाही. त्यांच्या जुन्या समजुतीवर तज्ज्ञाची सही तेवढी होते. अशा बऱ्याचशा स्लाइडचे मूळ खेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाच्या कामात आहे. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून त्यांनी देशांची तुलना केली. हे आकडे देशाच्या सरासरीचे आहेत, समोरच्या एका माणसाला ते लावू नका, असे ते स्वतःच बजावत. स्लाइड बनवणारे हे वाक्य गाळतात. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाचशेहून जास्त अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात कामाविषयीच्या मूल्यांमधला सुमारे 80 टक्के फरक एकेका देशाच्या आतच आढळला. देशादेशांमधला फरक उरला सुमारे 20 टक्के. म्हणजे समोरचा माणूस जर्मन आहे एवढेच कळले, तर त्याच्याबद्दल फारच थोडे कळले. तो खरेदी विभागातला की चाचणी विभागातला, पंचविशीतला की निवृत्तीला आलेला, हे बहुतेक वेळा जास्त उपयोगाचे असते.

तुमच्या क्वालिटीवाल्यांना एक गोष्ट पाठ असेल. 8डी रिपोर्टमध्ये, म्हणजे दोषाचे मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडून ग्राहकाला द्यायच्या अहवालात, मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ लिहिले की ग्राहक रिपोर्ट परत पाठवतो. ऑपरेटर चुकला नव्हता असे त्याचे म्हणणे नसते. त्या उत्तरानंतर शोधायला काही उरत नाही आणि उपाय म्हणून ‘ऑपरेटरला समज दिली’ एवढेच लिहिता येते, ही त्याची हरकत असते. ‘जर्मन खडूस आहेत’, ‘जपानी मनातले सांगत नाहीत’, आणि तिकडून ‘इंडियन्स हो म्हणतात पण करत नाहीत’ ही सगळी वाक्ये याच जातीची. शिक्का प्रत्येक वेळी खोटा असतो असे नाही. कधी तो बराचसा खराही निघतो. तो चौकशी थांबवतो, म्हणून नडतो.

याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण ड्रॉइंगमध्येच सापडते. एकाच वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची दृश्ये कागदावर कुठे मांडायची, त्या पद्धतीला प्रोजेक्शन म्हणतात. भारतात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापासून फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतात, जर्मनीतही तेच चालते. जपान आणि अमेरिकेत थर्ड अँगल. फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि उजवीकडून दिसणारे डावीकडे. थर्ड अँगलमध्ये वरचे वर, उजवे उजवीकडे. शीर्षक चौकटीत कापलेल्या शंकूचे छोटे चिन्ह असते, ते पाहिले नाही तर असममित ब्रॅकेटचे भोक आरशात दिसावे तसे उलट्या बाजूला पडते. मग जपानी बाजूने अर्थ निघतो, ‘पुण्याची टीम निष्काळजी’. पुण्याच्या बाजूने, ‘हे लोक सगळे गृहीत धरतात, स्पष्ट लिहीतच नाहीत’. दोन्ही देशांचे स्वभाव धुंडाळून झाले, पण त्या चिन्हाकडे कोणी पाहिले नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: ड्रॉइंग हातात घेताना तपासायच्या यादीत पहिली ओळ प्रोजेक्शनची ठेवायची.

अशा जागा बऱ्याच आहेत आणि स्वभावाच्या गोष्टी काढण्याआधी त्या सगळ्या तपासून मोकळे व्हावे. जर्मन कागदावर 1.250 म्हणजे एक हजार दोनशे पन्नास आणि 1,250 म्हणजे सव्वा. आपल्याकडे बरोबर उलट. त्यांच्या वेळापत्रकात तारखेऐवजी ‘केडब्ल्यू 32’ असे आठवड्याचे क्रमांक असतात. त्या पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला. 1 जानेवारीपासून सात-सात दिवस मोजणारा माणूस काही वर्षी एका आठवड्याने चुकतो. जर्मन माणूस इंग्रजीत बोलताना कधी ‘हाफ थ्री’ म्हणून जातो. त्याच्या मनात अडीच असतात, ऐकणाऱ्याच्या मनात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्यामुळे आपल्यातले अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास. त्या आठवड्यात पुण्याचे लोक तासभर आधी येऊन वाट पाहतात किंवा तासभर उशिरा उगवतात. उशिरा उगवले की ‘इंडियन टाइम’चा विनोद ठरलेला. जपानचे घड्याळ बदलत नाही, ते वर्षभर आपल्या साडेतीन तास पुढे. यातले काहीही संस्कृतीच्या प्रशिक्षणात येत नाही, कारण ते कंटाळवाणे आहे. पण ‘हे लोक बेफिकीर’ या समजुतीला खतपाणी मिळते ते इथूनच. तेव्हा दशांश, तारीख, आठवडा, वेळ आणि प्रोजेक्शन यांचे एक पान करा, दोन्हीकडून मंजूर करून घ्या आणि प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये सगळ्यांना दिसेल असे ठेवा.

आता खऱ्या बोलण्याकडे येऊ.

आपल्या ‘हो’चे निदान चार अर्थ होतात: ऐकले, समजले, पटले आणि करतो. समोरचा चौथा धरून चालतो, आपण पहिला किंवा दुसरा दिलेला असतो. व्हिडिओवर आपली डोलणारी मान आणखी गोंधळ घालते. यावर ‘भारतीयांना नाही म्हणता येत नाही’ हा शिक्का तयारच असतो. पण त्या ‘हो’मागे बहुतेक वेळा तीन साध्या गोष्टी असतात. एक, प्रश्नच हो-नाहीचा होता. दुसरी, उत्तर देणाऱ्याला निर्णयाचा अधिकार नव्हता आणि त्याचा वरिष्ठ शेजारीच बसला होता. तिसरी, ‘नाही’ म्हटल्यावर काय होते हे त्याने आधी पाहिलेले होते. तेव्हा प्रश्न बदला. ‘सॅम्पल शुक्रवारी निघेल ना?’ याचे उत्तर जगात कुठलाही पुरवठादार ‘हो’ असेच देईल. ‘सॅम्पल निघायच्या आधी कोणती कामे बाकी आहेत आणि त्यातले कोणते बाहेरच्या व्हेंडरकडे आहे?’ असे विचारले की कोटिंग अजून भोसरीतून आलेले नाही हे आपोआप बाहेर पडते. जर्मन सहकाऱ्यांनाही असेच विचारायला सांगा. आपल्या बाजूने प्रत्येक ‘हो’च्या मागे तीन गोष्टी जोडायच्या: कोण करणार, कधीपर्यंत, कोणाची मंजुरी लागणार. मंजुरीचा रकाना रिकामा राहिला तर तो ‘हो’ अजून कच्चा आहे असे दोन्हीकडे मानायचे.

इंग्रजीचीही एक गंमत आहे. आपला इंजिनिअर ‘आय हॅव अ डाउट’ म्हणतो तेव्हा त्याला शंका विचारायची असते. जर्मन कानाला ते ‘मला तुमच्यावर विश्वास नाही’ असे लागू शकते. ‘प्रश्न आहे’ म्हणा, संपले.

जपानी बाजूबद्दल सगळ्यात जास्त धुके ‘नाही’ आणि ‘शांतता’ या दोन गोष्टींभोवती आहे. बैठकीतला ‘हाय’ हा पुष्कळदा नुसता हुंकार असतो, संमती नसते. ‘मुझुकाशी’, म्हणजे कठीण आहे, किंवा ‘केन्तो शिमासु’, म्हणजे विचार करून पाहतो, हे ऐकून पुण्याची टीम ‘थोडा जोर लावला की होईल’ असे समजते आणि पुन्हापुन्हा विचारत राहते. खरे तर हे मराठी माणसाला सहज कळायला हवे. लग्न जुळवताना ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘कळवतो’ असा निरोप आला की आपण पत्रिका पुन्हा मांडून दाखवायला जात नाही. पण म्हणून ‘जपानी कधीच सरळ नाही म्हणत नाहीत’ असा नियम करू नका. सुरक्षिततेच्या किंवा मापाच्या मुद्द्यावर जपानी क्वालिटी इंजिनिअर अगदी तोंडावर ‘चालणार नाही’ म्हणतो, आणि नियम पाठ केलेली टीम तेव्हा उगाच हादरते. ‘एवढं बोलला म्हणजे फारच चिडला असणार!’ तो चिडलेला नसतो. माप चुकलेले असते, एवढेच.

शांततेचेही तसेच. 2009 मध्ये दहा भाषांतल्या साध्या गप्पा मोजून एक अभ्यास झाला: प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? सगळ्यात वेगवान निघाली जपानी, सरासरी सुमारे 7 मिलिसेकंद. सगळ्यात सावकाश डॅनिश, सुमारे 469. म्हणजे ‘जपानी माणूस उत्तराआधी थांबतो’ हा भाषेचा किंवा रक्ताचा गुण नाही. बैठकीत तो थांबत असेल तर त्या थांबण्याला बैठकीची कारणे असतात: इंग्रजीत वाक्य जुळवणे, हा मुद्दा आधी कोणाशी बोलून ठेवलेला नसणे, किंवा उत्तर द्यायचा मान दुसऱ्याचा असणे. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय आहे आणि शांततेला घाबरून आपण बडबड करत राहणे हा त्यातला एकही नाही. भाषेची अडचण असेल तर मुद्दे आणि आकडे दोन ते तीन कामाचे दिवस आधी लेखी पाठवा. दुभाषा असेल तर एकदोन वाक्यांनंतर थांबा आणि तांत्रिक शब्दांची यादी त्याला आदल्या दिवशी द्या. आधी न बोललेला मुद्दा असेल तर तो भर बैठकीत काढूच नका. जपानी कंपन्यांत बैठकीआधी संबंधितांशी एकेकट्याने बोलून घेण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे, तिला नेमावाशी म्हणतात. बैठक हा पुष्कळदा आधी झालेल्या सहमतीवरचा शिक्कामोर्तब असतो. अधिकाराचा प्रश्न असेल तर ‘तुमचे मत काय?’ ऐवजी ‘हा निर्णय पुढे कोणाकडे जाईल आणि कोणत्या तारखेला कळेल?’ असे विचारा. या प्रश्नाला तारीख आली तर काम चालू आहे. दोनदा विचारूनही तारीख आली नाही, तर ‘नाही’ आलेले आहे असे समजून दुसरा पर्याय मांडायला घ्या.

जर्मन बाजूचा तंटा बहुधा लेखी शेऱ्यांवरून होतो. ड्रॉइंगवर लाल रंगात ‘चूक’, मेलमध्ये अभिवादनानंतर थेट पहिला दोष, कौतुकाचा शब्द नाही. पुण्याचा इंजिनिअर ते व्यक्तिशः घेतो आणि दोन परिच्छेद स्पष्टीकरण लिहितो, म्हणजे आधीच्या सात मेलचा इतिहास, कोणामुळे उशीर झाला ते, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. वाचणारा त्या मेलमध्ये एकच गोष्ट शोधत असतो, माप कधी दुरुस्त होणार? ती नसते. मग त्याचा शिक्का पक्का होतो की हे लोक सबबी सांगतात, आणि आपला पक्का होतो की हे लोक खडूस. यात फार तत्त्वज्ञान नको. उत्तराचा क्रम उलटा करा: पहिल्या ओळीत मुद्दा क्रमांक आणि ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’, दुसऱ्या ओळीत तारीख, कारण त्याखाली, हवे असेल तर. अमान्य असेल तर स्पेसिफिकेशनचा कलम क्रमांक द्या. बहुतेक जर्मन इंजिनिअर अशा ‘अमान्य’चा राग धरत नाहीत. हे विधानही सरासरीचेच आहे, तेव्हा पहिल्या अमान्य मुद्द्याला उत्तर कसे येते ते पाहून मगच तुमच्या माणसाबद्दल ठरवा.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. तुम्ही ज्याला जर्मन स्वभाव किंवा जपानी स्वभाव म्हणता, त्यातला मोठा भाग निव्वळ ग्राहकाचा स्वभाव आहे. रोज पाठपुरावा, तुटक मेल, ‘कारणे नकोत, तारीख द्या’: हीच पुण्याची टीम भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याशी फोनवर कशी बोलते ते ऐका. तिथे तुम्ही जर्मन असता. आणि तो प्लेटिंगवाला ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, तिथे तो तुमचा ‘इंडियन’ असतो. ज्याच्या हातात ऑर्डर, तो स्पष्टवक्ता. ज्याला ऑर्डर हवी, तो गोड बोलणारा. तेव्हा कुठल्याही वागण्याला राष्ट्रीयत्व चिकटवण्याआधी विचारा, याच्या जागी मराठी ग्राहक असता तर काय झाले असते? उत्तर ‘हेच’ असेल तर तो मुद्दा संस्कृतीचा नाही. तो कराराचा, पैशांचा किंवा मुदतीचा आहे आणि त्याच टेबलावर सोडवायला हवा.

शिक्के टिकतात कसे, हे समजून घेतल्याशिवाय ते निघत नाहीत. 1974 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला एक प्रयोग झाला. मुलाखत घेणारे गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय उमेदवारांपासून जरा लांब बसत, मुलाखत लवकर आटोपत, बोलताना जास्त अडखळत. मग दुसऱ्या टप्प्यात शिकवून तयार केलेल्या मुलाखतकारांनी नेमकी हीच वागणूक गोऱ्या उमेदवारांना दिली. तेही अडखळले, त्यांच्याही मुलाखती वाईट गेल्या. शिक्का आधी आपल्या वागण्यात उतरतो आणि मग समोरच्याच्या. तुमच्या प्रकल्पात हे चक्र असे फिरत असणार: ‘उशीर सांगितला की जर्मन चिडतात’ म्हणून उशीर शेवटच्या दिवशी सांगायचा, शेवटच्या दिवशी कळल्यावर तो चिडतो, कारण त्याच्या हातात आता काहीच उरलेले नसते, ‘बघा, चिडला’. पलीकडे ‘इंडियन्सना रोज विचारावे लागते’ म्हणून रोज मेल. रोज विचारतातच तर आपण होऊन कशाला सांगायचे म्हणून आपली टीम गप्प. ‘बघा, विचारल्याशिवाय सांगत नाहीत’. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही स्वतःच बनवलेला पुरावा दाखवत असतात.

हे चक्र एका जागी तोडता येते: उशीर होणार हे कळल्यापासून 24 तासांत तीन ओळींचा निरोप. काय घसरले, नवी तारीख कोणती, तोपर्यंत आपण काय करतो आहोत. माफी आणि इतिहास नको. त्या बदल्यात ग्राहकाकडून रोजचा पाठपुरावा आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी आणून घ्या. पहिले काही निरोप गेल्यावर रागाची उत्तरे येतीलच. टीमच्या प्रमुखाने ती स्वतःच्या अंगावर घ्यायची. कनिष्ठाने पाठवलेल्या पहिल्याच निरोपाला शिव्या पडल्या आणि साहेब गप्प बसले, तर दुसरा निरोप कधीच जाणार नाही. ही व्यवस्था चालते की नाही याचे माप हसरे चेहरे किंवा अभिप्राय अर्जांवरचे गुण नाही. ठरलेल्या तारखेच्या किती दिवस आधी उशीर कळवला गेला ते दर महिन्याला लिहून ठेवा. तो आकडा वाढत असेल तर संवाद सुधारतो आहे.

‘कोणाबद्दल मनात ग्रह ठेवू नका’ अशी नोटीस लावण्याचा मोह टाळा. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या एका प्रयोगात लोकांना स्किनहेड तरुणाचा, म्हणजे डोके भादरलेल्या आणि दांडगाईसाठी बदनाम असलेल्या गटातल्या तरुणाचा, फोटो दाखवून त्याच्याबद्दल लिहायला सांगितले, काहींना ‘ठरावीक साच्यात विचार करू नका’ अशी सूचना देऊन. लिहिताना त्यांनी ती पाळली. पण नंतर खऱ्या स्किनहेडला भेटायची वेळ आली तेव्हा सूचना मिळालेले लोक त्याच्या खुर्चीपासून जास्त लांब बसले. दाबलेला विचार दुप्पट जोराने वर येतो. तो लिहून काढून तपासणे जास्त बरे.

लिहायचे असे. खटका उडाला की त्याच दिवशी तीन रकाने भरा. पहिल्यात फक्त तेच, जे कॅमेऱ्यात दिसले किंवा आवाजात नोंदले गेले असते: ‘ड्रॉइंगवर 4 लाल शेरे, उत्तर 2 दिवसांत मागितले’. दुसऱ्यात आपण त्याचा काय अर्थ लावला. तिसऱ्यात त्यावरून माणसाबद्दल काय ठरवले. लोकांना पहिला रकाना सगळ्यात जड जातो. ‘उर्मटपणे उत्तर दिले’ हे वाक्य हमखास तिथे घुसते आणि ते बाहेर काढण्यातच निम्मे शिक्षण होते. मग त्या प्रसंगाची निदान तीन पर्यायी कारणे लिहायची: एक कामाच्या पद्धतीतले, एक भाषेतले, एक अधिकाराचे किंवा पदाचे. ‘ते जर्मन आहेत’ हे चौथे कारण म्हणून चालेल, पण आधीची तीन तपासून झाल्यावरच. तपासायचे म्हणजे विचारायचे, ‘2 दिवसांची मुदत कशामुळे आहे?’ पुष्कळदा उत्तर निघते की परवा तिकडे टूलिंगचे, म्हणजे साचे आणि हत्यारांचे, डिझाइन कायम केले जाणार आहे आणि त्यानंतर बदल करता येणार नाही.

पुढचे प्रशिक्षण ठेवायचेच असेल तर या नोंदींवर ठेवा. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात यासाठी एक पद्धत तयार झाली: खरा प्रसंग सांगायचा, त्याखाली चारपाच कारणे द्यायची, एक निवडायला लावायचे आणि प्रत्येक निवडीवर चर्चा करायची. 6 ते 8 माणसे, 90 मिनिटे, 3 प्रसंग, त्याहून जास्त नको. त्यातला निदान एक प्रसंग असा घ्या ज्यात शिक्का खरा ठरला होता आणि एक असा ज्यात सपशेल खोटा. पहिल्या बैठकीत विभागप्रमुख नको, कारण तो असला की सगळे शहाण्यासारखी उत्तरे देतात. दुसऱ्या बैठकीत ग्राहकाकडची एकदोन माणसे घ्या आणि त्यांनाही त्यांचे रकाने आणायला सांगा. तिथे थोडे लागेल, पण लागू द्या. आपण स्वतः साच्यात बसवलेलो असण्याचा अनुभव पुणेकरांना नवा नाही. दुपारी 1 ते 4 वरचे विनोद आयुष्यभर ऐकल्यावर ‘इंडियन टाइम’ कसे झोंबते हे वेगळे शिकवायला नको. फक्त तीच माणसे शॉप फ्लोअरवर ‘हे बिहारी असेच’ म्हणताना थांबत नाहीत, तेही प्रसंग यादीत यायला हवेत. परराज्यातल्या कामगाराने वर्क इन्स्ट्रक्शन पाळली नाही, तर आधी विचारा, ती मराठी आणि इंग्रजीतच लावली होती का?

नुसते एकत्र आणून भागत नाही, हे 1954 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट यांनी मांडले. भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतो, पण दर्जा बरोबरीचा, उद्दिष्ट एक, काम मिळून आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर जास्त. पुरवठादार आणि ग्राहक यांच्यात दर्जा बरोबरीचा नसतोच. तेव्हा निदान एखादे काम तरी असे काढा ज्यात दोघे एकाच बाजूला बसतील: फिक्स्चरचे (पार्ट पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाचे) संयुक्त डिझाइन, किंवा मोजमापाची तुलना, जिथे तोच पीस दोन्ही प्रयोगशाळांत मोजून आकडे समोर ठेवायचे. ऑडिटची भेट यात धरू नका. ती भेट दर्जातला फरक आणखी ठळक करते.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात. परदेशात राहून आलेला, भाषा येणारा, चटपटीत असा एकच माणूस प्रत्येक कॉलवर पुढे करतात. ग्राहकाला तो आवडतो, पण बाकीच्यांबद्दलचे मत हलत नाही, कारण ‘तो वेगळाच आहे’ असे म्हणून त्याला अपवादाच्या खान्यात टाकता येते. 1983च्या एका प्रसिद्ध अभ्यासात हेच दिसले: साच्याला छेद देणारी माहिती एकदोन माणसांत गोळा झाली तर साचा तसाच राहतो, बऱ्याच माणसांत थोडी थोडी पसरली तर तो बदलतो. म्हणून तीनचार इंजिनिअरांना आळीपाळीने पुढे करा. त्यांचे इंग्रजी जरा कच्चे असले तरी चालेल, आकडे पक्के हवेत.

कौतुकाच्या शिक्क्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. ते पैशांत जास्त महाग पडतात. ‘जपानी माल म्हणजे क्वालिटीला बघायलाच नको’ म्हणून आवक तपासणी सैल होते. ‘जर्मन मशीन बरोबरच मोजणार’ म्हणून कॅलिब्रेशनची तारीख उलटून जाते. आणि आपण स्वतःबद्दल मिरवतो तो ‘जुगाड’ तर बैठकीत बोलूच नये. आपल्याला त्यात हुशारी दिसते, समोरच्या क्वालिटीवाल्याला त्यात मंजुरीशिवाय बदललेली प्रक्रिया ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर तो बरोबर ऐकतो. तीच कल्पना बदलाच्या रीतसर अर्जातून, चाचणीच्या आकड्यांसह पाठवली तर तिला सुधारणा म्हणतात.

शिक्का आपल्यावर तोंडावर मारला गेला तर? ‘तुम्ही इंडियन्स नेहमी…’ असे वाक्य कॉलवर आले की त्याच सुरात ‘सगळे इंडियन्स तसे नसतात’ म्हणण्यात अर्थ नाही. चर्चा देशावर जाते आणि पार्ट बाजूला राहतो. शांतपणे नेमके विचारा: ‘कोणती डिलिव्हरी, कोणत्या आठवड्यातली?’ तक्रार खरी असेल तर ती कबूल करता येते, खोटी असेल तर तिथेच विरते. हेच वाक्य पुन्हापुन्हा, एकाच माणसाकडून, काम बाजूला ठेवून येऊ लागले, किंवा कोणाच्या उच्चारांची, रंगाची, जेवणाची टर उडवली गेली, तर त्याला सांस्कृतिक फरक म्हणून पोटात घालू नका. तो अपमान आहे. तारीख, वेळ आणि शब्द लिहून ते दोन्ही कंपन्यांच्या व्यवस्थापनाकडे द्यायचे असते, आणि ते पाठवणाऱ्याचे नाव कनिष्ठ इंजिनिअरचे नसावे, प्लांट प्रमुखाचे असावे.

शेवटचे काम हस्तांतराचे. प्रकल्पावर नवा माणूस आला की जुना त्याला चहाच्या टपरीवर नेऊन पाच मिनिटांत सगळ्यांची ओळख करून देतो, ‘तो म्हातारा खडूस आहे, ती बरी आहे, जपानी लोकांना काही विचारू नकोस’. शिक्के याच वाटेने एका बॅचकडून दुसरीकडे जातात. त्याऐवजी समोरच्या प्रत्येक माणसामागे चार ओळींची लेखी नोंद द्या: कोणत्या निर्णयाचा अधिकार त्याच्याकडे आहे, त्याला कागद किती आधी लागतो, तो फोन पसंत करतो की मेल, आणि कोणता मुद्दा अजून लोंबकळत आहे. ती नोंद त्या माणसाने स्वतः वाचली तर हरकत नसावी, इतकी ती स्वच्छ हवी. दर सहा महिन्यांनी ती ताजी करा, आणि जिथे देशाचे नाव आले असेल तिथे ते खोडून माणसाचे पद लिहा.